पेंद्या, आजी आणि तीन हजार किलोमीटरची जाळी

आमच्या भाड्याच्या टू बीएचकेमध्ये एका खोलीत जायला मनाई आहे. मनाई ज्याला आहे त्याचं वजन पावणेदोन किलो. नाव पेंद्या. पांढरा, डाव्या डोळ्याभोवती काळा डाग, आणि लॅपटॉपच्या चार्जरची विलक्षण ओढ. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. एका मित्राला बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा त्याने "दोन आठवडे सांभाळ रे" म्हणून हा ससा माझ्याकडे सोडला. त्या दोन आठवड्यांचं आता तिसरं वर्ष चालू आहे.

सुरुवातीला मनाई माझ्या कामाच्या खोलीला होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे काहीतरी कुरतडत राहणं हा त्याचा छंद नसतो, गरज असते. जमिनीखाली राहणाऱ्या या जनावराला बोगद्यात आडवी आलेली मुळं तोडायची सवय असते म्हणे, आणि टेबलाखाली लोंबणारी वायर त्याला मुळासारखीच दिसत असावी. दोन चार्जर, एक लॅन केबल आणि हेडफोन एवढं गेल्यावर मी दार लावायला शिकलो. तोवर सगळं गमतीत होतं.

मग आजी राहायला आली. माण तालुक्यातल्या गावी अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आईबाबांच्या घराला लिफ्ट नसल्यामुळे ती माझ्याकडे आली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी घर बघितलं आणि पायपुसणी, सतरंजी, लोंबणाऱ्या वायरी उचलायला लावल्या. शेवटी पेंद्याकडे बघून म्हणाल्या, "हा यांच्या पायात येता कामा नये." वॉकर घेऊन चालणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या पायात ससा येणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याच रात्री लहान मुलांसाठी दारात बसवतात ते फाटक मागवलं. पहिल्याच दिवशी पेंद्या दोन गजांमधून सरळ पलीकडे गेला. मग मी त्याला खालून वेल्डमेशची जाळी केबल टायने बांधली. मग तो वरून उडी मारून गेला. मग मी जाळी वाढवली.

या सगळ्या खटपटीत असताना एका रात्री मी सहज शोधलं, की माणसांनी सशांना आजवर कसं अडवलंय. अर्थात युट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघून झोपायचं होतं. झालं असं की पुढचे तीन महिने मी हेच वाचत होतो.

पण त्याआधी आजीने एक आक्षेप घेतला होता तो सांगतो. पेंद्याला पहिल्यांदा बघून ती म्हणाली, "हा कसला ससा? ससा कुठं उकरतो का?" पेंद्या तेव्हा गादीचा कोपरा दोन्ही पंजांनी मन लावून उकरत होता. मी हसलो, पण बरोबर तीच होती. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही. तो गवतात किंवा झुडपाखाली नुसता खळगा करून बसतो आणि संकट आलं की पळतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पेंद्याची जात वेगळी. ती मूळची स्पेन-पोर्तुगालकडची. ती बिळात राहते आणि तिची पिल्लं उघडी-बोडकी, आंधळी जन्मतात. इंग्रजीत या दोघांना दोन वेगळी नावं आहेत. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, कारण आपल्याकडे दुसरा नव्हताच. कासवाशी शर्यत लावणारा, चंद्रावर दिसणारा, तो आजीच्या माळावरचा. माझ्या चार्जरचा शत्रू हा आयात माल.

आणि गंमत म्हणजे त्याचं नावच त्याच्या उकरण्यावरून पडलंय असं रोमन लोकांना वाटायचं. इसवी सनपूर्व ३७ च्या सुमारास व्हॅरो या रोमन विद्वानाने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो जनावरं पाळायच्या बंदिस्त आवाराबद्दल सांगतो. अशा आवाराला 'लेपोरारियम' म्हणायचे, म्हणजे शब्दशः ससेखाना. व्हॅरोचा सल्ला अगदी व्यवहारी आहे: भिंतीला गिलावा करा, म्हणजे मांजर किंवा तसलं जनावर आत घुसणार नाही, आणि ती इतकी उंच ठेवा की लांडग्याला उडी मारता येऊ नये. म्हणजे सशांसाठी बांधलेलं पहिलं नोंदवलेलं कुंपण हे सशांना अडवण्यासाठी नव्हतं, दुसऱ्यांना अडवण्यासाठी होतं. मग तो स्पेनच्या सशाचा उल्लेख करतो आणि म्हणतो, हा जमिनीखाली भुयारं करतो म्हणून त्याला 'क्युनिक्युलस' म्हणतात. गिलाव्याच्या भिंतीचा याच्यापुढे काय उपयोग, हे मात्र तो लिहीत नाही.

त्याचं उत्तर बॅलेरिक बेटांवरच्या लोकांना मिळालं. मायोर्का-मेनोर्का ही ती बेटं. तिथे ससे इतके माजले की पिकं उरेनात. प्लिनीने लिहून ठेवलंय की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सशांविरुद्ध लष्कराची मदत मागितली. स्ट्रॅबो नावाचा भूगोलकार सांगतो की त्यांनी राहायला दुसरी जमीनच द्या अशी विनंती केली होती, आणि हे सगळे ससे एका जोडीपासून झाले असं तिथले लोक म्हणत. पंधराशे वर्षांनी, पंधराव्या शतकात, मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटावर हेच पुन्हा घडलं. बार्तोलोमेऊ पेरेस्त्रेलो या वसाहतकाराने जहाजावर व्यालेली एक सशीण पिल्लांसकट बेटावर सोडली. सशांनी लावलेलं सगळं खाऊन टाकलं आणि माणसांनाच काही काळ बेट सोडावं लागलं. पेरेस्त्रेलोची मुलगी पुढे कोलंबसाची बायको झाली, हे मी उगीचच सांगतोय.

इथे एक प्रसिद्ध गोष्ट मोडीत काढायला हवी. इंटरनेटवर हमखास सापडतं की इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने सशाची नवजात पिल्लं म्हणजे मांस नव्हे असं जाहीर केलं, म्हणून फ्रान्समधल्या मठवाशांनी उपासाला चालणारा पदार्थ म्हणून ससे पाळले आणि ससा माणसाळला. मीही ही गोष्ट दोन मित्रांना सांगून मोकळा झालो होतो. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मूळ कागद तपासले तेव्हा कळलं की पोपने असलं काही म्हटलेलंच नाही. ग्रेगरी ऑफ टूर्स नावाच्या दुसऱ्याच माणसाने, कुणी एक जण उपासाच्या काळात सशाची पिल्लं खात होता एवढंच लिहिलं होतं. दोन ग्रेगरी एकमेकांत मिसळले आणि एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं. आमच्या क्षेत्रात स्टॅक ओव्हरफ्लोवरचा कोड न वाचता चिकटवतात, तसंच.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तर चित्र उलटं होतं. नॉर्मन लोकांनी आणलेला हा ससा तिथल्या थंडीत तग धरेना. तो महाग होता, मांस आणि लोकर दोन्हींसाठी. म्हणून त्याच्यासाठी मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम करून द्यायचे, उशीसारखे दिसणारे, म्हणजे त्याला उकरायला सोपं जावं. बांध घालून त्याला आत ठेवायचे आणि राखणीला माणूस नेमायचे. थेटफर्डच्या मठाने सुमारे १४०० साली अशा राखणदारासाठी बांधलेली जाड भिंतींची दुमजली इमारत आजही उभी आहे. छोटा किल्लाच. कारण तिला भीती सशांची नव्हती, ससे चोरणाऱ्या माणसांची होती. ससे पाळायचा, मारायचा हक्क राजाने ज्यांना दिला त्यांचाच. शेजारच्या शेतकऱ्याचं पीक त्या सशाने खाल्लं तरी शेतकऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

१३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. सेंट ऑल्बन्स गावात लोकांनी तिथल्या मठाच्या मालकीची कुंपणं पाडली, आणि शेतात पकडलेला एक जिवंत ससा गावाच्या चौकात, गुन्हेगारांना जिथे अडकवत त्या खोड्याला बांधून ठेवला. आता हा आमचा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. बंड चिरडलं गेलं आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. कुंपणाचा इतिहास वाचताना मला पहिल्यांदा लक्षात आलं ते इथे: ससा मध्ये असतो, पण भांडण बहुतेक वेळा माणसांचंच असतं.

आता ऑस्ट्रेलिया. खरं सांगायचं तर बाकीचं सगळं मी या भागासाठी लिहिलंय.

१७८८ मध्ये ब्रिटिशांचा पहिला ताफा सिडनीला गेला तेव्हाच त्यांच्याबरोबर ससे होते. नंतरही अनेकदा नेले गेले. पण ते पाळीव, पेंद्यासारखे, आणि ते रानात फारसे पसरले नाहीत. मग १८५९ च्या नाताळच्या दिवशी 'लाइटनिंग' नावाचं जहाज मेलबर्नला लागलं. थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराला शिकारीसाठी ससे हवे होते, ते त्याच्या भावाने इंग्लंडहून पाठवले. चोवीस. त्यातले काही रानटी होते. ऑस्टिनच्या बारवॉन पार्क या जागेतून ते सुटले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत वर्षाला शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापत जवळजवळ अख्खा खंड त्यांनी व्यापला. २०२२ मध्ये जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की ऑस्ट्रेलियातल्या आजच्या बहुतेक सशांचं मूळ या एकाच खेपेत आहे. बॅलेरिक बेटांवरचे लोक 'एका जोडीपासून' म्हणत होते ते अगदीच गप्पा नव्हत्या तर.

न्यू साउथ वेल्सच्या सरकारने १८८७ मध्ये उपाय सुचवणाऱ्याला पंचवीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. थेट लुई पाश्चरने त्यासाठी आपला भाचा कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन पाठवला. बक्षीस त्याला मिळालं नाही, आणि सल्ले येतच राहिले.

पश्चिम ऑस्ट्रेलिया तोवर मोकळी होती. मध्ये नलारबॉरचं कोरडं मैदान पसरलेलं, ससे ते कुठून ओलांडणार? १८९४ मध्ये त्यांनी ते ओलांडलं. १९०१ मध्ये चौकशी आयोग बसला आणि ठरलं की दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत सरळ एक कुंपण घालायचं. काम १९०१ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये संपलं. पहिलं कुंपण १,८३३ किलोमीटर. त्याला जोडून आणखी दोन. एकूण ३,२५६ किलोमीटर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेषेत जेवढं अंतर भरेल त्याहून जास्त.

बांधणी कशी होती ते मी माझ्या वेल्डमेशच्या डोळ्यांनी वाचलं. दर बारा फुटांवर खांब. तारा ताणून त्यांना जाळी. जाळी जमिनीच्या वर सुमारे तीन फूट आणि, महत्त्वाचं म्हणजे, जमिनीखाली सहा इंच पुरलेली, कारण गाठ उकरणाऱ्याशी होती. नंतर कोल्हे आणि डिंगो हे रानकुत्रे थोपवायला वर काटेरी तार. इंजिनीअरिंग म्हणून बघितलं तर काही चूक नाही. मी याहून वाईट डिझाइन प्रॉडक्शनमध्ये गेलेली पाहिली आहेत, त्यातलं एक माझंच होतं.

आणि १९०२ मध्ये, म्हणजे काम सुरू होऊन वर्ष-दीड वर्षातच, कुंपणाच्या नियोजित रेषेच्या पश्चिमेला ससे सापडले. म्हणून दुसरं कुंपण. त्याच्याही पलीकडे ते गेले, म्हणून तिसरं. प्रत्येक वेळी जाळी त्यांच्या मागून धावत होती.

कुंपण घातलं की ते राखायला माणसं लागतात. घोड्यावरून, सायकलवरून, पुढे उंटांवरून फिरणारे राखणदार नेमले. एकेकाकडे सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरचा पट्टा. वाळू वाऱ्याने ढिगाने साचायची आणि जाळीला चढण तयार व्हायची. पुराने जाळी उपटून जायची. झाडं पडायची. आणि फाटकं. कुंपण आडवं आलं की वाटसरूंना पलीकडे जायला फाटक ठेवावंच लागतं, आणि फाटक ठेवलं की कुणीतरी ते उघडं टाकतंच. १९१० मध्ये तपासणीसाठी एक मोटारगाडी घेतली. तिचे टायर सारखे पंक्चर व्हायचे. शेवटी दोन उंट जुंपलेली हलकी गाडी सगळ्यात भरवशाची ठरली.

हे उंट कुठून आले? इथे मी खुर्चीत सरळ बसलो. उंट ऑस्ट्रेलियातले नव्हेत. १८६० मध्ये, म्हणजे ऑस्टिनचे ससे उतरले त्याच्या सहाच महिन्यांनी, जॉर्ज लँडेल्स नावाचा माणूस कराचीहून उंट घेऊन मेलबर्नला पोचला. तेही चोवीसच. १८६६ मध्ये कराचीहूनच शंभराहून जास्त उंट आणि त्यांना हाकणारी माणसं गेली, आणि मग ही वाहतूक कित्येक दशकं चालू राहिली. कराची तेव्हा सिंधमध्ये, आणि सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात. म्हणजे ज्या इलाख्याचा कारभार मुंबईतून चालायचा, त्याच्याच बंदरातून हे उंट गेले. हाकणारे बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी, राजपुताना भागातले होते, ऑस्ट्रेलियात सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे. रेल्वे आणि रस्ते पोचायच्या आधी त्या वाळवंटात पीठ, लोकर, तारायंत्राचे खांब वाहिले ते यांनी. आणि १९०१ मध्ये, ज्या वर्षी सशांच्या कुंपणाचं काम सुरू झालं त्याच वर्षी, नव्या ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा स्थलांतराचा कायदा केला. उंट चालले, उंटवाले नकोत. हे दोन निर्णय मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो.

कुंपणाने ससे अडले नाहीत, पण ते आणखी एका कामाला आलं, ज्याची आयोगाने कल्पनाही केली नसेल. उत्तरेकडे जिगलाँग नावाचं ठिकाण आहे. ते वसलंच १९०७ मध्ये, कुंपणाच्या दुरुस्तीचं ठाणं म्हणून. तिथे मार्डू लोक येऊन राहू लागले. कुंपणावर काम करणाऱ्या एका गोऱ्या माणसापासून तिथल्या एका बाईला मुलगी झाली, मॉली. तेव्हाच्या कायद्याने सरकार अशी मिश्र मुलं आईपासून काढून घेऊ शकत होतं, आणि घेत होतं. १९३१ मध्ये चौदा वर्षांची मॉली आणि तिच्या दोन धाकट्या बहिणी, डेझी आणि ग्रेसी, यांना उचलून दक्षिणेकडच्या मूर रिव्हर वसाहतीत नेलं. जवळजवळ लगेचच त्या तिघी तिथून पळाल्या. नकाशा नाही, होकायंत्र नाही. पण मॉलीला एक माहीत होतं: सशांचं कुंपण आपल्या घरावरून जातं. ते सापडलं की नुसतं धरून चालायचं. सुमारे सोळाशे किलोमीटर, नऊ आठवडे, मागावर पोलीस. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

बरेच जण ही गोष्ट सिनेमामुळे ओळखतात, २००२ च्या. तो मॉलीच्या मुलीने, डोरिस पिल्किंग्टन यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावर आहे. सिनेमा मुली घरी पोचल्यावर जवळपास संपतो. पण मॉलीला मोठी झाल्यावर, तिच्या दोन मुलींसह, पुन्हा मूर रिव्हरला नेलं गेलं आणि ती पुन्हा चालत निघाली, या वेळी तान्ह्या मुलीला घेऊन. मागे राहिलेली थोरली मुलगी म्हणजे डोरिस. ती पुढे आईला भेटली तेव्हा मोठी बाई झाली होती.

मी हे वाचलं त्या आठवड्यात आमच्याकडे जे झालं ते आता सांगतो.

माझं फाटक तोवर चांगलं झालं होतं. तीन फूट उंच जाळी, दोन्ही चौकटींना घट्ट दाबून बसवलेलं, पेंद्या हरला होता. मी आईला फोटोही पाठवला होता. पण अशा फाटकाला खाली, उंबऱ्याच्या जागी, एक आडवा लोखंडी बार असतो. चौकटीला ताण द्यायला तो लागतोच. उंची दीड इंच. मी दिवसातून वीस वेळा त्याच्यावरून जायचो आणि मला तो कधी दिसलाच नव्हता. रात्री पावणेतीनला आजी बाथरूमला उठली. मला हाक मारायची असं ठरलेलं, पण "पोरगं दिवसभर कामात असतं" म्हणून तिने मारली नाही. वाकून कडी काढली, वॉकर पुढे टाकला, वॉकरचा पाय बारला अडकला.

आवाज ऐकून मी धावलो तेव्हा ती चौकटीला धरून, अर्धी बसलेली, अर्धी लटकलेली होती. आजी पडली नव्हती. मनगट सुजलं, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत. एक्स-रेच्या रांगेत मी तिला म्हणालो, "आजी, ससा पायात येऊ नये म्हणून लावलं होतं गं." ती म्हणाली, "अरे, ससा पायात आला असता तर निदान सरकला तरी असता."

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. पेंद्या हरला होता असं मला वाटत होतं, पण तो रोज दुपारी माझ्या मीटिंगच्या वेळात आत जात होता. आजी पलंगावर बसून, पाय वर घेऊन, काठीच्या मुठीने कडी उचलायची. तिच्या उशीखाली कोथिंबिरीच्या काड्यांची पुडी होती. दिवसभर बंद दाराआड काय करायचं, असं तिने उलट मलाच विचारलं. मी तिच्यासाठी केलेल्या बंदोबस्ताचा सगळ्यात मोठा भाग हा होता की तिच्या खोलीत दिवसभर कुणीच जात नव्हतं, आणि त्यात मीही आलो. ऑस्ट्रेलियातही कुंपणाच्या आतल्या सगळ्यांना ससे नकोसे नव्हतेच. सापळे लावणाऱ्यांचं पोट त्यांच्यावर होतं, मंदीच्या काळात गरिबांच्या ताटात तेच मांस होतं, आणि तिथल्या त्या प्रसिद्ध रुंद काठाच्या हॅट सशाच्या केसांच्या नमद्याच्या असतात.

ऑस्ट्रेलियाने पुढे जाळीचा नाद सोडून विषाणू धरला. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग मरी नदीच्या खोऱ्यात सोडला आणि ससे कोट्यवधींनी मेले. माणसांना धोका नाही हे पटवायला फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. काही वर्षांत विषाणू सौम्य झाला, ससे चिवट झाले. फ्रान्समध्ये १९५२ साली आर्मां-दलिल नावाच्या निवृत्त डॉक्टरने आपल्या मायबुआच्या इस्टेटीत दोन सशांना तोच विषाणू टोचला. त्याला खात्री होती की काही होणार नाही, कारण इस्टेटीला चारी बाजूंनी भिंत होती. दोन वर्षांत युरोपभर ससे मेले. स्पेनमधला लिंक्स हा रानमांजराचा प्रकार सशांवरच जगतो, तो त्यामुळे आणखी संकटात आला. डॉक्टरला न्यायालयाने पाच हजार फ्रँक दंड केला, आणि नंतर वनखात्याने सन्मान म्हणून पदकही दिलं. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातच, वार्डांग बेटावर बंदिस्त आवारात चाचणी चालू असलेला दुसरा एक विषाणू मुख्य भूमीवर पोचला. माश्यांनी नेला असावा असं मानतात. व्हॅरोची भिंत लांडग्याच्या उडीसाठी होती, आणि दोन हजार वर्षांनी प्रश्न माश्यांचा होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कुंपण अजून आहे, म्हणजे त्याचे काही भाग. ते आता रानकुत्रे आणि एमू थोपवायला ठेवतात आणि त्याचं नावही बदललंय. क्वीन्सलँडमध्ये मात्र सशांसाठीचंच पाचशे किलोमीटरहून लांब कुंपण आजही राखलं जातं, आणि त्या राज्यात ससा पाळायला सर्वसामान्य माणसाला बंदी आहे. म्हणजे पेंद्याला तिथे एक खोलीच नव्हे, अख्खं राज्य मना आहे.

आमच्याकडे फाटक काढलं. चौकटीवर दाबाचे चार गोल डाग पडलेत, घरमालकांना ते दाखवायचेत. त्याच जाळीचा आता हॉलमध्ये पेंद्याभोवती चौकोन केलाय, आणि रात्री दहा ते सकाळी सात तो त्यात असतो. माझ्या खोलीतल्या सगळ्या वायरी भिंतीवर प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये घातल्या, एका रविवारचं काम होतं, तीन वर्षं केलं नव्हतं. आजीच्या पलंगाला बिनतारी बेल लावली आहे, ती वाजली की माझ्या उशाशी वाजते. गेल्या महिन्यात रात्री अकरा वेळा वाजली. दुपारी चार ते पाच आजी पलंगावर पाय वर घेऊन बसते, मी लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत जमिनीवर बसतो, आणि पेंद्याला आत यायची परवानगी आहे. आजी त्याला अजूनही ससा म्हणत नाही. "तुझं ते उकरणारं" म्हणते.

काल त्याने तिच्या वॉकरच्या एका पायाचं रबर कुरतडलं. आज नवीन आणायचंय.